नव्या कौटुंबिक तंबूची रंगीत तालीम : सहलीआधी नेमके काय तपासावे?

आडवाट

आम्ही घरच्या चौघांसाठी, म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान, नुकताच एक नवा तंबू घेतला आहे. बोगद्यासारखा लांबट आकार, फायबरग्लासचे तीन पोल, आत झोपण्यासाठी दोन कप्पे आणि पुढे सामान ठेवण्यापुरती बंदिस्त पडवी, असे त्याचे स्वरूप आहे. पिशवीवर ‘सहा माणसांसाठी’ असे लिहिले असून बाहेरच्या पोलिएस्टर आवरणाची जलरोधकता ३००० मिमी दिलेली आहे. सहलीला अद्याप काही आठवडे अवकाश आहे.

नवा तंबू निघण्यापूर्वी एकदा ठोकून पाहावा, असे ज्याला विचारावे तो सांगतो. परंतु ठोकून पाहताना लक्ष कशाकडे द्यायचे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. तंबू उभा राहिला की तपासणी पूर्ण झाली असे समजावे का? त्यावर पाणी मारून पाहणे खरोखर आवश्यक आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डोंगरवेडा

तंबू उभा राहणे ही तपासणीची सुरुवात आहे. शेवट तो वाळवून, गुंडाळून पुन्हा त्याच पिशवीत बसवता येण्यात आहे. मधल्या पायऱ्यांवर बहुतेक जण घाई करतात.

आधी एक रुक्ष गोष्ट सांगतो. पावतीबरोबर आलेल्या परतीच्या अटी तंबू पिशवीतून काढण्याआधी वाचून घ्या. चिखलाचे डाग पडलेला किंवा भिजलेला तंबू काही विक्रेते ‘वापरलेला’ समजतात आणि मग बदलून देताना खळखळ करतात. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करणे शहाणपणाचे ठरते. पहिला टप्पा पूर्णपणे कोरडा ठेवावा आणि त्यात काही मोठा दोष आढळला नाही, तरच पाण्याकडे वळावे.

कोरड्या टप्प्यात सर्व सामान चादरीवर पसरून माहितीपत्रकातील यादीशी ताडून पाहा. खुंट्या मोजा, ताणदोऱ्या मोजा आणि पोलवरील रंगांच्या खुणा नेफ्यांवरील खुणांशी जुळतात का ते पाहा. त्यानंतर वेळ द्यायचा तो पोलना. फायबरग्लासचा पोल म्हणजे आतून इलॅस्टिक ओवलेले अनेक तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला धातूची नळी असते. पुढचा तुकडा त्या नळीत तळापर्यंत बसला पाहिजे. तो अर्धवट बसलेला असताना पोल वाकवला, तर सगळा ताण नळीच्या काठावर येतो आणि काडी तिथेच उभी चिरते. नव्या तंबूचे पोल मोडण्यामागे हे कारण पुन्हा पुन्हा दिसते. जाड हातमोजा घालून प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवावा. कुसळासारखे काही टोचल्यास तो तुकडा बदलून मागावा. उघड्या हाताने हे मुळीच करू नये, कारण काचेचे तंतू कातडीत शिरल्यावर काढणे फार त्रासाचे होते.

पोल नेफ्यात ढकलावा, दुसऱ्या टोकाने ओढू नये. ओढल्यास आतले इलॅस्टिक ताणले जाऊन जोड सुटतात आणि सुटलेला जोड नेफ्याच्या मध्यभागी अडकतो. काढतानाही ढकलूनच काढावा आणि तुकडे दुमडताना मधल्या जोडापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, म्हणजे इलॅस्टिकवर सारखा ताण राहतो.

तंबू जमिनीला जखडण्याआधी सर्व दारांच्या चेन बंद करून घ्याव्यात. दार उघडे ठेवून खुंट्या ठोकल्या, तर तळ हवा त्यापेक्षा रुंद ताणला जातो आणि नंतर चेन मिटताना दात ओढाताणीने झिजतात. ‘नव्या तंबूची चेन खराब निघाली’ या तक्रारीमागे अनेकदा एवढीच बाब असते. प्रत्येक चेन दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, वळणापाशी सावकाश फिरवून पाहावी. शेजारचे कापड दातांत सापडते का, ते वळणावरच कळते.

निवांत

वरील प्रतिसाद उपयुक्त आहे, तरी मला यात थोडा अतिरेक वाटतो. बोगद्याच्या आकाराचा तंबू ही काही गुंतागुंतीची वस्तू नव्हे. एकदा उभारून क्रम समजून घेतला, खुंट्या मोजल्या की काम झाले. कारखान्यात जलरोधक म्हणून तयार झालेले कापड घरी पुन्हा भिजवण्यात मला स्वारस्य वाटत नाही. उलट भिजलेला तंबू नीट न वाळवता ठेवल्यामुळे त्याला बुरशी लागण्याचाच धोका अधिक, आणि एकदा कुबट वास धरला की तो जात नाही. कोरा तंबू आपल्या हाताने ओला करण्याचे प्रयोजन काय?

शिवणटाका

निवांत यांचा बुरशीविषयीचा इशारा योग्य आहे, परंतु ‘कापड जलरोधक आहे’ आणि ‘तंबू जलरोधक आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पाण्याची तपासणी या दोहोंमधल्या फरकासाठीच करायची असते.

३००० मिमी हा आकडा कापडाच्या तुकड्याचा आहे. तुकडा ताणून धरून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि कापडातून पाणी झिरपू लागते तेव्हाची स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये नोंदवतात. १००० मिमी उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम भार. त्या हिशोबाने आपल्या तंबूचे छत दर चौरस सेंटीमीटरला ३०० ग्रॅम भार सोसते. ताणलेल्या छतावर पडून ओघळून जाणारा पाऊस एवढा दाब देत नाही. त्यामुळे छताच्या बाबतीत ३००० की ५००० यावर फार डोके शिणवू नये. तळाची गोष्ट मात्र निराळी आहे. ओल्या जमिनीवरील तळकापडावर मोठे माणूस गुडघे टेकून बसले की त्याचे जवळजवळ सगळे वजन तळहाताएवढ्या जागेत एकवटते आणि दाब या आकड्याच्या बराच पलीकडे जातो. तळाचा आकडा छतापेक्षा मोठा असण्याची अपेक्षा ठेवावी, ती त्यासाठीच.

आता शिवणी. शिलाई मशीनची सुई कापडाला हजारो भोके पाडते. सरळ लांब शिवणींवर आतून चिकटपट्टी बसवलेली असते आणि ती सहसा चांगली असते. गळती सुरू होते ती जिथे पट्टी बसवायला यंत्र पोहोचत नाही अशा आडबाजूंना : तीन शिवणी एकत्र येतात तो कोपरा, ताणदोरीची कडी शिवलेली जागा, पडवीच्या खिडकीची चौकट, चेनच्या टोकाचा टाका. यांतील एकही जागा ३००० या आकड्यात धरलेली नाही.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. तंबू पूर्ण ताणून उभा करावा आणि नळीला झारीसारखे तोंड लावून पाणी वरून, पावसासारखे पडू द्यावे. जोराची धार खालून वर मारू नये, कारण खालच्या बाजूने पाणी शिरू नये म्हणून केलेल्या झडपांच्या आत ते घुसते आणि नसलेले दोष दिसू लागतात. यंत्राने दाब देऊन मारलेले पाणी तर वर्ज्यच समजावे. त्याने कापडावरचा लेप निघू शकतो. पंधरा-वीस मिनिटे पाणी पडत असताना एकाने टॉर्च घेऊन आत राहावे आणि टिपकागदाची घडी एकेका शिवणीखालून हलकेच फिरवावी. डोळ्यांना थेंब दिसण्याच्या बऱ्याच आधी कागद ओला लागतो. जिथे तो ओलावेल तिथे आतून खडूची खूण करून पुढे सरकावे.

निवांत

शिवणींचा मुद्दा मान्य आहे, आणि गुडघ्यांचा हिशोब मला नवा होता. तरीही वाळवण्याची सोय असल्याशिवाय हा उद्योग करू नये, हे माझे मत कायम आहे. पोलवर ताणलेला तंबू वरून लवकर कोरडा दिसतो. तळाची खालची बाजू, चेनच्या कडेची जाड पट्टी आणि नेफ्यांचे आतील पदर मात्र तासन्‌तास ओले राहतात. दुसरीकडे, तो वाळवायचा म्हणून दिवसेंदिवस उन्हात उभा ठेवणेही बरे नाही, कारण अतिनील किरणांमुळे नायलॉन आणि पोलिएस्टर या दोन्ही कापडांचा कस कमी होतो. वारा असलेली सावली सर्वांत उत्तम.

दोरखंड

चर्चा कापडाकडे झुकली आहे, म्हणून जमिनीविषयी लिहितो. घराजवळच्या मऊ हिरवळीवर तंबू सुरेख उभा राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. मुक्कामाची जागा मात्र कडक मुरमाड, वाळूची किंवा पावसाने भुसभुशीत झालेली असू शकते, आणि सोबत आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या यांपैकी पहिल्या जमिनीत वाकतात, तर उरलेल्या दोहोंत निसटतात. कडक जमिनीसाठी जाड पोलादी खिळ्यासारख्या खुंट्या आणि मऊ जमिनीसाठी रुंद पन्हळी खुंट्या, असे दोन्ही प्रकार थोडे थोडे जवळ ठेवावेत. तालीम शक्य असल्यास दोन प्रकारच्या जमिनींवर करावी. फरसबंद गच्चीखेरीज जागाच उपलब्ध नसेल, तर पाण्याने भरलेले कॅन कोपऱ्यांना बांधून तंबू ताणता येतो. त्यातून क्रम आणि कापड तपासून होते, पण वाऱ्यापुढे त्याचा भरवसा धरू नये.

खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या दिशेला झुकलेले असावे आणि दोरी जमिनीलगत बसेल इतकी खुंटी खोल जावी. अर्धवट ठोकलेल्या खुंटीच्या डोक्यात दोरी अडकवली, की तरफेसारखा जोर लागून ती हळूहळू उपटली जाते. ताणदोऱ्यांच्या बाबतीत आळस करू नये. बोगद्याच्या आकाराचा तंबू पुढच्या आणि मागच्या ताणाशिवाय मुळात उभाच राहत नाही, आणि बाजूच्या दोऱ्या सोडल्या तर आडव्या वाऱ्यात पोल आत वाकतात. मागची निमुळती, बुटकी बाजू वाऱ्याकडे करावी. सर्व ताणदोऱ्या तालमीतच उलगडून, प्रत्येकीवरची सरकपट्टी दोरीला धरते की घसरते, हे ओढून पाहावे.

भिजल्यावर नायलॉन सैल पडते. नायलॉनचा तंबू संध्याकाळी कितीही नीट ताणला, तरी पावसात एकदा उठून ताण सारखा करावाच लागतो. पोलिएस्टरमध्ये हा प्रकार बराच कमी असतो. तळाखाली वेगळे कापड अंथरणार असाल, तर ते तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडे लहान असू द्या. बाहेर डोकावणारी कड छतावरून ओघळलेले पाणी झेलते आणि नेमके आपल्या अंथरुणाखाली आणून सोडते.

पाऊलवाट

वरील सर्व प्रतिसाद तंबूविषयी आहेत. मला त्यात राहणाऱ्यांविषयी लिहायचे आहे. ‘सहा माणसांसाठी’ याचा अर्थ खांद्याला खांदा लावून सहा अंथरुणे मावतात, सामान बाहेर आहे आणि रात्री कोणी कूस बदलत नाही. माणशी साधारण ६० सेंटीमीटर रुंदी धरलेली असते. चौघांसाठी सहाचा तंबू ही निवड म्हणूनच योग्य आहे, पण तालमीत गाद्या प्रत्यक्ष फुगवून, पिशव्या भरून आत ठेवून पाहा. कागदावर माप घेऊन हे कळत नाही. फुगवायची गादी उंच असते आणि बोगद्याची भिंत वर जाताना आत कलते, त्यामुळे जमिनीवर मावणारी गादी वीतभर उंचीवर आतल्या कापडाला ढकलते. ते कापड बाहेरच्या आवरणाला टेकले की त्यावरचे बाष्प सरळ पांघरुणात उतरते.

शक्य असेल तर एक रात्र सगळ्यांनी तंबूत झोपावे. सकाळी बाहेरच्या आवरणाच्या आतील अंगाला पाणी साचलेले दिसेल आणि पहिला विचार गळतीचाच येईल. झोपेतल्या चार जणांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर पाणी सहज हवेत जाते व थंड कापडावर जमा होते. संपूर्ण पृष्ठभागावर सारखे बारीक थेंब असतील तर ते बाष्प आहे. शिवणीलगत रेघ असेल किंवा एकाच जागी टपटप असेल तर ती गळती आहे. पाण्याची चाचणी आधी झालेली असली, की या दोहोंत गल्लत होत नाही. बाष्पावर उपाय एकच : वरच्या झरोक्याची झडप आणि दाराचा वरचा भाग थोडा उघडा ठेवणे, थंडी वाजली तरीही.

रात्रीच्या तालमीचा मुलांना फार उपयोग होतो. अंधारात चेन कुठे आहे, टॉर्च कुठल्या खिशात आहे, बाहेर पडताना ताणदोरी कोणत्या बाजूला आहे, हे त्यांनी स्वतः करून पाहिलेले असले की पहिल्या रात्रीची भीती बरीच ओसरते. दोऱ्यांवर चकाकणारा धागा नसेल, तर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात.

एक गोष्ट मात्र तालमीतही करून पाहू नये. शेगडी, कोळसा किंवा इंधनावर चालणारा हीटर तंबूत वा पडवीत, दार उघडे ठेवूनही, पेटवू नये, आणि विझत आलेले निखारेही ऊब म्हणून आत आणू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. शिवाय ही कापडे झपाट्याने पेट घेतात.

माळरान

मूळ धाग्याला थोडे समांतर विचारतो. आमचा तंबू सुती मिश्रणाच्या कापडाचा असून त्याला पोलऐवजी हवा भरायच्या नळ्या आहेत. वरील पद्धत त्याला जशीच्या तशी लागू होते का?

शिवणटाका

कापडाच्या बाबतीत नाही. आपल्या तंबूला पाणी दाखवणे ही चाचणी नसून संस्कारच आहे. सुती धागा भिजल्यावर फुगतो आणि सुईची भोके बुजवतो. म्हणून असा तंबू पहिल्यांदा भिजवताना थोडे झिरपले तर घाबरू नये. पूर्ण भिजवावा, पूर्ण वाळवावा आणि गरज वाटल्यास पुन्हा तेच करावे. वाळवण्याविषयी निवांत यांनी लिहिले आहे ते सुती कापडाला दुपटीने लागू आहे, कारण दमट सुतावर बुरशी फार लवकर धरते.

नळ्यांमध्ये निर्मात्याने सांगितलेल्या दाबाइतकीच हवा भरून तंबू रात्रभर उभा ठेवावा. सकाळी दाब थोडा उतरलेला आढळेल, परंतु हवा थंड झाल्यानेही दाब कमी होतो, तेव्हा संध्याकाळच्या मोजमापाची तुलना तशाच तापमानाच्या वेळी करावी. शंका राहिल्यास झडपेवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. उलट उन्हात हवा तापून दाब वाढतो, म्हणून भर उन्हात उभ्या असलेल्या तंबूच्या नळ्यांतील थोडी हवा सोडावी लागते.

आडवाट

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे कोरडी तपासणी आणि नंतर पाण्याची, अशी दोन्ही पार पडली, वृत्तान्त देतो.

मधल्या पोलच्या एका तुकड्याची धातूची नळी हाताने फिरवताच सैल लागली. तंबू कोरडा आणि स्वच्छ असल्यामुळे विक्रेत्याने तो पोल विनातक्रार बदलून दिला. चेन मिटवून खुंट्या ठोकल्याने दारे सुरळीत चालली. गाद्यांच्या बाबतीत पाऊलवाट यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले : मोठी गादी मागच्या भिंतीला टेकत होती, तेव्हा ती आडवी घालून मुलांच्या पातळ गाद्या कडेला सरकवल्या आहेत.

पाण्याखाली छताच्या लांब शिवणी पूर्ण कोरड्या राहिल्या. डाव्या बाजूच्या मधल्या ताणदोरीची कडी जिथे शिवली आहे, तिथे मात्र टिपकागद ओला झाला आणि थोड्या वेळाने आत एक थेंब लोंबू लागला. दोरी ताणली की तो लवकर सुटे, सैल केली की थांबे. एवढ्यासाठी तंबू परत करावा असे वाटत नाही. ही जागा घरी बुजवता येईल का?

दुसरी अडचण पिशवीची आहे. दोघांनी मिळून गुंडाळूनही तो पुन्हा आत जाईना; शेवटी पोल बाहेर ठेवून कसाबसा बसवला.

डोंगरवेडा

पिशवीत बसत नाही याचे कारण बहुधा आत कोंडलेली हवा. दारे आणि झरोके किंचित उघडे ठेवून, दारांच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळायला सुरुवात करावी, म्हणजे हवा पुढे पळून दारातून बाहेर पडते. आधी पिशवी तंबूवर आडवी ठेवून तिच्या लांबीपेक्षा चार बोटे कमी रुंदीची पट्टी घडी घालावी. मग पोलची जुडी त्या पट्टीच्या टोकाला ठेवून तिच्याभोवतीच घट्ट गुंडाळत जावे आणि वळकटी गुडघ्याने दाबत पुढे सरकवावी. खुंट्या गुंडाळीत घालू नयेत, त्यांची टोके कापड फाडतात. त्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. तरीही बसला नाही तर मोठी पिशवी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. परतीच्या दिवशी पाऊस असेल, तर ओला तंबू कोंबायला ती मोठी पिशवीच उपयोगी पडेल, आणि घरी पोहोचताच तो पुन्हा पसरता येईल.

शिवणटाका

कडीजवळची गळती घरी नक्कीच बुजवता येते. आधी कापडावर कोणता लेप आहे ते ठरवावे. आतील शिवणींवर कारखान्याची चिकटपट्टी बसलेली असेल, तर आतला लेप पॉलियुरेथेनचा समजावा, कारण सिलिकॉनवर ती पट्टी चिकटत नाही. पॉलियुरेथेनला त्याचाच सीलर, म्हणजे शिवणीची भोके बुजवणारा लेप, आणि सिलिकॉनला सिलिकॉनचा, हा नियम मोडल्यास थर काही दिवसांतच सालीसारखा निघून येतो.

जागा स्वच्छ पुसून कोरडी करावी. दोरीने कापड हलकेच ताणलेले असताना बारीक ब्रशने सीलर टाक्यांवर आणि कडीच्या पट्टीच्या कडांवर लावावा, म्हणजे भोके उघडी असताना तो आत शिरेल. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर बरे. डबीवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा आणि पूर्ण सुकल्यावर त्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, नाहीतर घडीत कापड कापडाला चिकटून बसते. मग तेवढीच जागा पुन्हा भिजवून पाहावी. त्यासाठी सगळा तंबू उभारण्याची गरज नाही. कापडाचा तो भाग दोन खुर्च्यांमध्ये ताणून धरला, एकाने कडीतली दोरी ओढून ठेवली आणि दुसऱ्याने वरून झारी धरली, तरी पुरेसे आहे.